टीव्हीवरचा चोर

चेकरबाईंना धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा त्या बस डेपोच्या मागच्या खोलीत बूट काढून, पाय स्टुलावर टाकून बसल्या होत्या.

"ताई, रविवारी दुपारी घरी ये. जेवायलाच ये. बाबांसाठी एक गंमत आहे."

"कसली गंमत?"

"ते आल्यावर कळेल."

"आधी कळलं तर काय बिघडेल?"

"गंमत आहे गं ताई. चौकशी नाही."

फोन ठेवला आणि चेकरबाई विचारात पडल्या. धाकटा आग्रहाने जेवायला बोलावतो म्हणजे काहीतरी आहे. मागे एकदा असंच बोलावलं होतं आणि हात धुऊन होतात न होतात तोच एक लोखंडी कपाट जिन्यावरून वर चढवायला लावलं होतं. या वेळी कपाटापेक्षा मोठं काहीतरी असणार. बाबा त्याच्याकडे राहत होते. बाबांची जुन्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा कुलूप लावून पडली होती. धाकट्याचा डोळा त्या जागेवर असणार, सही हवी असणार, आणि बहिणीची कटकट नको म्हणून आधी पोटभर जेवण. सगळं कसं बरोबर जुळत होतं.

चेकरबाईंचं असं जुळवणं सहसा चुकत नसे. शहराच्या बसमध्ये तिकीट तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. ज्याच्याकडे तिकीट नाही तो खिसे चाचपत नाही, तो आधी खिडकीबाहेर बघायला लागतो, हे त्यांनी पहिल्याच वर्षी हेरलं होतं. आजारी म्हातारा, रडणारं मूल, परगावचा पाहुणा, कुणाचीही सबब त्यांच्यापुढे टिकत नसे. घरीही तेच. भाजीवाल्याने स्वतःहून एक लिंबू जास्त टाकलं तर बाकीच्या भाजीत काय सडलंय ते बघायला त्या पिशवी उपडी करत. नवरा होता तोवर म्हणायचा, "अगं, लग्नाच्या दिवशीसुद्धा तू माझ्याकडे तिकीट मागितल्यासारखी बघत होतीस." त्यावर चेकरबाई हसत नसत. त्यांना वाटे, हा माझं लक्ष दुसरीकडे का वळवतोय?

रविवारी त्या गेल्या, त्या पूर्ण तयारीनेच. दार भावजयीने उघडलं. "या ताई, या," असं ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की चेकरबाईंनी पर्स काखेत घट्ट धरली. आत बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. आणि सोफ्यावर, पाठीला उशी लावून, टीव्हीकाकू बसल्या होत्या.

चेकरबाई उंबऱ्यातच थांबल्या. टीव्हीकाकू म्हणजे जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई. साऱ्या इमारतीत पहिला टीव्ही त्यांच्याकडे आला होता, तेव्हापासून हे नाव चिकटलं. आता त्या पार थकल्या होत्या, पण नजर तशीच होती, समोरच्याच्या हातात काय आहे ते आधी बघणारी. त्यांचं या घराशी काय काम? चेकरबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साक्षीदार! जागेच्या व्यवहाराला साक्षीदार लागतो.

"ये गं," काकू म्हणाल्या. "मलाही याने कशाला बोलावलंय ते सांगितलं नाही. गाडी पाठवली, म्हणून आले."

"बाबा, तुम्हाला काही माहितीये?" चेकरबाईंनी विचारलं.

"मला म्हणाला, दाढी करा," बाबा म्हणाले. "केली."

जेवणं झाली. कागद निघाले नाहीत. धाकट्याने टीव्हीला वायर लावली, मोबाइल जोडला, दोनदा काढून पुन्हा जोडला. पडदे ओढले. मग पडद्यावर आधी नुसत्या आडव्या रेघा थरथरल्या, खरखर झाली, एक सनईसारखं काहीतरी वाजलं आणि वेड्यावाकड्या अक्षरांत नाव आलं: 'एक बॅग कमी'.

भावजय नंतर या घरात आलेली, तिला काही कळेना. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

गोष्ट चेकरबाई शाळेत होत्या तेव्हाची. बाबा शिलाई मशीनचे कारागीर. खांद्याला कातडी पिशवी, तिच्यात पाने, तेलाची कुपी, पट्टे, सुया. घरोघर जायचे, मशीन उघडायचे, शटलमध्ये अडकलेला दोरा काढायचे, टाका नीट करून द्यायचे. सगळ्या भागातल्या बायकांना मशीनवाले म्हटलं की ठाऊक. एकदा टीव्हीच्या लोकांचं बोलावणं आलं. टीव्हीवर दाखवायच्या एका घरगुती करमणुकीच्या सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं, आणि कपडेपटातलं मशीन ऐन वेळी बंद पडलं होतं. बाबा गेले, मशीन सुरू केलं आणि निघताना दिग्दर्शकाची नजर त्यांच्यावर पडली. त्याचा एक नट आला नव्हता. दिग्दर्शक बाबांभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "असा संशयास्पद चेहरा मला शोधून सापडला नसता!" बाबांना ते कौतुक वाटलं. घरी येऊन त्यांनी आईला ते कौतुकानेच सांगितलं.

सिनेमा लागला त्या रविवारी काकूंच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबा स्वतः मात्र नव्हते. लाज वाटते म्हणून खाली घरातच बसले होते. चेकरबाई अगदी पुढे, फरशीवर. एक मोठं कुटुंब समुद्रकाठी सहलीला निघतं, वाटेत त्यांची एक बॅग हरवते, आणि चौकटीचा कोट घातलेला एक माणूस सगळीकडे त्यांच्या मागे मागे. तेच बाबा. स्टेशनात खांबाआड बाबा, चहाच्या टपरीशी बाबा, गाडीमागे धावणारे बाबा. सारी खोली हसत होती, ओरडत होती. मग समुद्रकाठच्या हॉटेलच्या पायऱ्या आल्या. कुटुंब कोपऱ्यात एकवटलेलं, बाबा एकेक पायरी चढताहेत. त्यांचा हात कोटाच्या आत जातो...

आणि दिवे गेले.

अंधारात कुणीतरी किंचाळलं, "सुरा! सुरा काढतोय!"

दिवे आले तेव्हा टीव्हीवर बातम्या चालू होत्या. तो सिनेमा पुन्हा कधी लागला नाही. त्याच टेपवर पुढे बागकामाचा कार्यक्रम घेतला, असं कुणाच्या तरी कानावर आलं. पलीकडच्या भागात दिवे गेले नव्हते, तिथल्या लोकांनी शेवट बघितलाही असेल, पण त्यांना मशीनवाले कोण हे ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या डोक्यात सुराच राहिला.

बाबांनी सांगून बघितलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "अगं, मी चोर नाहीये त्यात. त्यांच्या लहान मुलाचा बूट गाडीतून पडलेला असतो. तो द्यायला मी धावतोय. कोटात बूट आहे."

"मग दाखवा," शाळेच्या गणवेशातल्या चेकरबाई म्हणाल्या.

आता ते कुठून दाखवणार? आई म्हणाली, "तुम्ही म्हणताय ना, मग असेल." ते बोलणं बाबांना किती लागलं हे पोरवयात कळण्यासारखं नव्हतं. शाळेत पोरं 'चोराची पोरगी' म्हणायला लागली होती. बूट हे काही पटण्यासारखं उत्तर नव्हतं. चेकरबाईंनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं, माणूस अडचणीत आला की काहीही सांगतो.

तरीही सगळं थट्टेवारीच गेलं असतं. पण आठवडाभरात काकूंचं मनगटी घड्याळ नाहीसं झालं. त्यांच्या भावाने लग्नात दिलेलं, नाजूक साखळीचं. मशीनच्या फळीवर काढून ठेवलं होतं म्हणे. आणि त्याच दिवसांत मशीनला तेल घालायला कोण येऊन गेलं होतं? तोंडावर कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त दारं फटीएवढीच उघडायला लागली. "आता ठीक चालतंय हो मशीन," एवढं फटीतून ऐकू यायचं. ज्या बायका आधी मशीन उघडं टाकून दूध आणायला जायच्या, त्या आता बाबांच्या डोक्यापाशी उभ्या राहून त्यांच्या हातांकडे बघायच्या. सहा महिन्यांत बाबांनी घरोघर जाणं सोडलं आणि कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे ओळीने मशीनं होती, घरं नव्हती. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आई गेली, काकूंचे यजमान गेले, मुलांची लग्नं झाली. त्या सिनेमाचं नाव या घरात पुन्हा कुणी काढलं नव्हतं.

"हा कुठून मिळाला तुला?" चेकरबाईंनी आता धाकट्याला विचारलं. आवाज चौकशीचाच होता.

"जुन्या टेपा गोळा करणारा एक हौशी माणूस आहे. लोकांनी घरी रेकॉर्ड केलेलं सगळं तो इंटरनेटवर टाकतो. मी काही शोधत नव्हतो. सहज एक दृश्य समोर आलं आणि मला चाल ओळखू आली. म्हटलं, हे तर बाबा!"

"तू पुढचं बघितलंस?"

"नाही. शपथ. सगळ्यांनी मिळून बघायचं ठरवलं."

चेकरबाईंना ते खरं वाटलं नाही, पण तेवढ्यात सिनेमा सुरू झाला.

काय तो सिनेमा! सगळे नट एकमेकांशी असे ओरडून बोलत होते की जणू मध्ये नदी आहे. कुटुंबप्रमुख सामान टपावर बांधताना दोरीत स्वतःलाच बांधून घेत होता. एक लठ्ठ आत्याबाई होत्या, त्या गाडीत बसल्या की उठतच नव्हत्या, गाडी बदलली तरी शालीसकट उचलून दुसऱ्या गाडीत ठेवाव्या लागत. मध्येच टेपमध्ये राहून गेलेली धुण्याच्या पावडरची जाहिरात लागली आणि काकूंनी तिचं गाणं शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं. बॅग हरवल्याचं कळलं तेव्हा पडद्यावर सहा माणसांनी मिळून कपाळावर हात मारला. भावजय हसून हसून सोफ्यावरून घसरली.

आणि चौकटीचा कोट आला. चेकरबाई पुढे सरकून बसल्या. हे बाबा? हा तर पोरगेला माणूस, त्यांच्या स्वतःच्या मुलापेक्षा लहान. खांदे वर काढलेले, मान आत, पाय फरपटत, दर थोड्या वेळाने मागे बघणारा. बसमध्ये असा माणूस चढला असता तर चेकरबाई पहिल्यांदा त्याच्याकडेच गेल्या असत्या.

"बाबा, असं का हो चालताय?" धाकट्याने विचारलं.

"कोट दुसऱ्याचा होता," बाबा म्हणाले. "काखेत कापत होता. हात खाली सोडले की शिवण उसवेल असं वाटायचं. कपडेपटातल्या बाईने बजावलं होतं, फाडलात तर तुम्हीच शिवून द्यायचा."

"आणि मागे का बघताय सारखं?"

"एक कुत्रा होता तिथे."

धाकटा हसत सुटला. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे रोखून बघत होत्या.

हॉटेलच्या पायऱ्या आल्या. पावडरच्या जाहिरातीनंतर चित्र जरा स्वच्छ झालं होतं. कुटुंब कोपऱ्यात. बाबा वर येताहेत, हात कोटाच्या आत. चेकरबाईंचं लक्ष आपोआप भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे गेलं. इथेच.

हात बाहेर आला. हातात लहान मुलाचा लाल बूट होता.

तळहातावर मावेल एवढा बूट. पडद्यावरचा माणूस धापा टाकत म्हणाला, "अहो, थांबा की जरा! तुमच्या गाडीतून पडलाय. केव्हाचा मागे धावतोय." आईच्या कडेवरच्या पोराने आपला उघडा पाय वर केला. सगळं कुटुंब ओशाळलं. आणि सबंध सिनेमाभर जागची न हललेली आत्याबाई शाल सावरत उठली, "बसा हो, दमलात," म्हणत तिने आपली जागा दिली. तिच्या खाली हरवलेली बॅग होती.

धाकट्याने टाळ्या वाजवल्या. भावजय डोळे पुसत होती, हसण्याने की कशाने, ते तिलाच ठाऊक. बूट. बूटच होता. चेकरबाई बाबांकडे वळल्या.

"पोराच्या पायात मी बूट घातला होता," बाबा तक्रारीच्या सुरात म्हणाले. "तेवढं कापलं यांनी."

तेवढ्यात सोफ्यावरून काकूंचा आवाज आला. "ते ठीक आहे. पण मग माझं घड्याळ कुणी नेलं?"

टाळ्या थांबल्या. भावजय चहाच्या निमित्ताने आत पळाली. धाकटा म्हणाला, "काकू, अहो, आता कशाला ते..."

पण चेकरबाईंना मनातून प्रश्न रास्त वाटला. सिनेमातल्या माणसाच्या कोटात बूट निघाला म्हणून खऱ्या माणसाच्या खिशात घड्याळ नव्हतं, असं कुठे ठरतं? दोन्हींचा संबंध तेव्हाही नव्हता, आताही नव्हता. त्यांनी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नोकरीत बघायच्या तसं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

आयुष्यभर ही नजर चेकरबाईंनी बसमध्ये पकडली होती. काकू गाडीत बसून जाईपर्यंत त्या कशाबशा थांबल्या. मग बाबांच्या खोलीत गेल्या आणि मागे दार लोटून घेतलं.

"बाबा, घड्याळाचं तुम्हाला काय ठाऊक आहे?"

"काही नाही."

"माझ्याकडे बघून सांगा."

बाबांनी पाहिलं. मग पलंगावर टेकले. "तुझ्यापुढे काही लपत नाही बाई."

"तुम्ही घेतलंत?"

"मी? वेडी आहेस का! तिच्या नवऱ्याने मोडलं ते."

काकूंचे यजमान म्हणजे भला माणूस, पण दिसेल ती वस्तू उघडून बघायची खोड. बायको बाहेर गेली होती, घड्याळ मागे पडतं म्हणून त्यांनी ते सुरीने उघडलं. आतली चाकं उडाली. बायको परत यायच्या आत सगळे तुकडे रुमालात बांधून ते धापा टाकत खाली आले. "मशीनवाले, तुम्ही एवढी यंत्रं दुरुस्त करता, हे जमवा काहीतरी!"

"मी म्हटलं, अहो माझी बोटं शटलची, घड्याळाची नव्हेत," बाबा सांगत होते. "तरी बसलो. एक चाक हातून निसटलं ते फरशीच्या फटीत गेलं. दोघं पोटावर पडून शोधत होतो. शेवटी तो तुकड्यांचा रुमाल उचलून म्हणाला, राहू द्या, मी तिला जरा बेताने सांगतो. माझं नाव निघतंय हे कळलं तेव्हाही आला. म्हणाला, आजच सांगतो, उद्याच सांगतो."

"आणि तुम्ही वाट बघत बसलात? धंदा गेला, बाबा! शाळेत मला पोरं काय काय म्हणायची! तुम्ही का नाही सांगितलंत?"

बाबा शांतपणे म्हणाले, "बुटाचं सांगून बघितलं होतं की. घरात तरी कुणी ऐकलं?"

बसमध्ये कितीतरी लोकांनी चेकरबाईंच्या तोंडावर कितीतरी ऐकवलं होतं, पण असा गप्प करणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. त्या पाणी प्यायला म्हणून बाहेर आल्या.

बाहेर धाकटा वाटच बघत होता. "ताई, एक बोलायचं होतं."

"बोल," चेकरबाई म्हणाल्या. "जागेचं ना?"

"कसली जागा? स्वयंपाकघर आणि न्हाणीघर फोडतोय आम्ही. दोन-तीन महिने घरभर धूळ. बाबांचा खोकला... तेवढे दिवस तू नेशील का त्यांना?"

म्हणजे संशय अगदीच वाया गेला नव्हता. चेकरबाईंना इतक्या गडबडीतही जरा बरं वाटलं.

त्यांच्या स्वतःच्या घराचे जिने बाबांच्याने चढवणार नव्हते. म्हणून ठरलं की तळमजल्यावरची जुनी जागा झाडूनपुसून घ्यायची आणि चेकरबाईंनीही तिथेच बाबांबरोबर राहायचं. त्या आठवड्यात सुट्टी टाकून त्या कुलूप उघडायला गेल्या. सोबत झाडू, बादली, फडकी. आणि पर्समध्ये तारेचा एक लांब आकडा.

झाडू बाजूलाच राहिला. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि बाबा जिथे काम करायला बसत त्या कोपऱ्यातल्या फरशीच्या फटी कोरायला लागल्या. बाबांवर विश्वास नव्हता असं नाही. पण तुकडा हातात आला तर काकूंपुढे ठेवता येईल, साऱ्या इमारतीपुढे ठेवता येईल. फटीतून धूळ निघाली, गंजलेल्या सुया निघाल्या, एक शर्टाचं बटण, पेन्सिलीचं टोक, त्यांच्याच लहानपणीचा एक मणी. पुढची फट कोरली, त्याच्या पुढची कोरली. चाक निघालं नाही. पाठीला रग लागली तेव्हा त्या भिंतीला टेकून तशाच फरशीवर बसल्या. समोर सुयांचा ढीग होता. चाक नाही मिळालं, आणि तरीही बाबा खरं बोलत होते, हे त्यांना लख्ख ठाऊक होतं. असं ठाऊक असणं त्यांच्या सवयीचं नव्हतं.

"काय शोधतेस गं?"

दारात काकू उभ्या होत्या, कठड्याला धरत एकेक पायरी उतरून आलेल्या. चेकरबाईंनी आकडा मुठीत लपवला. काकूंना सांगायचं नाही, असं बाबांनी निक्षून बजावलं होतं. "तिच्यापाशी आता नवऱ्याची आठवण तेवढी उरली आहे," म्हणाले होते, "तिच्यात आपण कशाला पाचर मारायची?"

"सुई पडली होती," चेकरबाई म्हणाल्या. खोटं बोलायची वेळ त्यांच्यावर क्वचित येई. नजर आपसूक खिडकीकडे गेली, ती त्यांनी ओढून परत आणली.

काकूंनी सुयांच्या ढिगाकडे पाहिलं, कोरलेल्या फटींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना एक खोड होती. रेडिओ उघडून ठेवला, इस्त्री उघडून ठेवली, टीव्हीसुद्धा एकदा मागून उघडला होता. परत जोडता एकही आलं नाही. परवा सिनेमा बघून घरी गेले, रात्रभर विचार करत पडले. सगळं उघडलं या माणसाने, मग घड्याळच तेवढं कसं सुटलं?"

काकू चेकरबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेपुढे आपला चेहरा कसा दिसत असेल, ही चिंता चेकरबाईंना जन्मात पहिल्यांदा पडली.

"तू काही सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "ह्यांनी मला कधी सांगितलं नाही, आता तुझ्याकडून नको ऐकायला." वळता वळता थांबल्या. "बाबा राहायला येणार आहेत ना? त्यांना म्हणावं, माझं मशीन अडतंय. येऊन बघून जा."

बाबा राहायला आले त्याच दुपारी कातडी पिशवी शोधून वर गेले. चेकरबाई त्यांचा हात धरून सोबत गेल्या. काकूंनी मशीनवरचं कापड काढलं, पाणी आणून ठेवलं, आणि किल्ल्यांचा जुडगा मशीनच्या फळीवर ठेवून म्हणाल्या, "मी जरा मागे गच्चीत कपडे बघून येते. बसा तुम्ही."

चेकरबाईंनी किल्ल्यांकडे पाहिलं. मुद्दाम ठेवल्या? परीक्षा बघतायत? की माफी मागायची ही त्यांची रीत? कपडे तर आपण आत येतानाच पलंगावर वाळून घडी केलेले बघितले होते. बाबांचं किल्ल्यांकडे लक्षच नव्हतं. ते चष्मा नाकावर ओढून मशीन उघडण्यात गढले होते. हात थरथरत होता, पण स्क्रूवर पेचकस टेकला की थांबत होता.

"काय झालंय त्याला?" चेकरबाईंनी हळूच विचारलं.

"काही नाही. बॉबिन उलटी घातली आहे."

"म्हणजे पाच मिनिटांचं काम."

"गप्प बस," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सगळं मशीन सुटं केलं. एकेक भाग पुसला, तेल घातलं, उन्हात धरून बघितला, परत बसवला. काकू आल्या तेव्हा चाक लोण्यासारखं फिरत होतं. त्यांनी एका चिंधीवर टाका मारून बघितला, निरखून बघितला. "छान," म्हणाल्या. "वहिनी, आता वर्षभर बघायला नको," बाबा म्हणाले. काकूंनी तिघांचा चहा ठेवला.

धाकट्याचं स्वयंपाकघर झालं, न्हाणीघर झालं, भिंतींना रंग झाला. बाबा परत जायचं नाव काढेनात. चेकरबाईंचीही नोकरी संपत आली होती, त्यांनाही तळमजला सोयीचा वाटायला लागला होता. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. वर्षभर बघायला नको, म्हणून सांगितलेलं ते मशीन पंधरवड्याला बिघडत होतं. कधी पट्टा निसटे, कधी सुई वाकडी, कधी दोरा गुंते. मग वरून जिन्यात काकूंची हाक येई आणि बाबा केस विंचरून पिशवी उचलत.

"बाबा," एकदा त्यांनी विचारलंच, "ते मशीन इतकं कसं बिघडतं हो?"

"जुनं आहे," बाबा म्हणाले. चपला घातल्या आणि कठड्याला धरून वर निघाले.